दुसरी बोली

"ये गं, पाणी अजिबात गार नाही."

छातीभर पाण्यात उभा राहून रूने हाक मारत होता, आणि त्याचे ओठ जांभळे पडले होते. घर घेतल्यानंतरचा तो पहिलाच जून. खिडक्यांना पडदे नव्हते, जेवायला टेबल नव्हतं, पण घराच्या पाठीशी समुद्र होता आणि समुद्रात उतरायला फळ्यांचा एक धक्का होता. मायलिसने नवऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवून उडी मारली आणि तिचा श्वास छातीतच अडकला. डोकं वर काढून ती म्हणाली, "खोटारड्या." रूने म्हणाला, "आता दोघांनाही सारखंच गार आहे."

पुढे दर जूनला तो तेच म्हणत आला आणि दर जूनला ती उडी मारत आली. मग वीदार झाला. पाच वर्षांचा वीदार कमरेएवढ्या पाण्यात दात वाजवत उभा राहायचा आणि धक्क्यावरच्या आईला सांगायचा, "नाही आई, गार नाहीये." या घरातली माणसं अशीच. स्वतः गारठली तरी गारठलो म्हणायची नाहीत. न जाणो, ते ऐकून दुसरा पाण्यात उतरायचाच थांबेल.

रूनेला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. वीदार स्टॉकहोमला शाळेत शिकवत होता, आणि दर रविवारी दुपारी फोन करत होता.

"कशी आहेस आई?"

"मजेत. तू?"

"मजेत."

मग हवेच्या गोष्टी व्हायच्या. इकडे बर्फ किती, तिकडे बर्फ किती. दहा मिनिटांनी दोघंही फोन ठेवायची आणि मायलिस हातातल्या फोनकडे बघत तशीच थोडा वेळ बसून राहायची.

घर मोठं होतं. हिवाळ्यात दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ काढायला रूनेला एक तास लागायचा, मायलिसला अर्धा दिवस लागू लागला. लाकडं आणायची, चूल पेटती ठेवायची, वरच्या मजल्यावर जायचं ते रेलिंग धरून. गेल्या नाताळात, भांडी घासून झाल्यावर, वीदार ताट पुसत उभा असताना तिने पाठमोरीच राहून विचारलं होतं, "तुला हवंय का रे हे घर?"

"नको," वीदार हसून म्हणाला होता. "एवढ्या घराचं मी काय करू?"

"बरं," ती म्हणाली होती, आणि ओलं फडकं पिळून दांडीवर टाकलं होतं. पिळून झालेलं फडकं तिने पुन्हा एकदा पिळलं होतं.

मार्चमध्ये तिने जवळच्या हुडिक्सवाल गावात बंदराजवळ नव्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या. लिफ्ट होती, खिडकीतून चर्चचं घड्याळ दिसत होतं, ताबा एक डिसेंबरला मिळणार होता. त्या दिवसांत खोल्यांसाठी माणसं एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होती. आधी नवं घ्या, जुनं मागाहून विका, बँकेतला मनुष्य म्हणाला होता, समुद्रकाठचं घर आठवड्यात जाईल. मायलिसने विसार भरला.

आणि वारं फिरलं. व्याजाचे दर चढू लागले. मार्चमध्ये जी माणसं दारात रांग लावत होती, ती मेमध्ये हाताची घडी घालून लांब उभी राहिली. घर विकलं नाही तर डिसेंबरपासून मायलिसच्या एका पेन्शनवर दोन घरं बसणार होती. रात्री झोपताना ती त्याचा विचार करायची नाही. सकाळी चहाचा पहिला घोट घेतानाच तो विचार समोर येऊन बसायचा.

घर विकायचं काम शिरीनकडे होतं. शिरीन चार वर्षांची असताना आईबापांबरोबर इराणहून या गावात आली होती आणि आता गावातल्या म्हाताऱ्यांपेक्षाही ठसक्यात इथली भाषा बोलायची. पहिल्याच दिवशी तिने घरभर फिरून रूनेची खुर्ची लाकडांच्या खोपटात नेऊन ठेवायला लावली, पलंगावर पांढऱ्या चादरी घातल्या आणि स्वयंपाकघरात काचेच्या वाडग्यात अकरा लिंबं मांडली.

"लिंबं कशाला?" मायलिसने विचारलं.

"घर हसरं दिसतं."

"आमच्याकडे एवढी लिंबं बघून लोकांना वाटेल, कुणाला तरी खोकला झालाय."

"आणि मायलिस, घर दाखवायच्या आधी तीन दिवस मासे तळायचे नाहीत."

"तीन?"

"तीन. तुझे मासे मला रस्त्याच्या वळणापासून कळतात. मला चालतं. दक्षिणेतून येणाऱ्याला चालत नाही."

घर दाखवायचं त्या रविवारी घरमालकाने घरात थांबायचं नसतं. लोकांना मग कपाटं उघडता येत नाहीत, भिंतीला नावं ठेवता येत नाहीत. मायलिस गाडी घेऊन किराणा दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत जाऊन बसायची. थर्मासमधली कॉफी, दालचिनीचा एक बन. आपल्याच घरात आपल्याशिवाय माणसं फिरताहेत, हे तिला विचित्र वाटायचं. कुणी जिन्याची तिसरी पायरी वाजवत असेल. कुणी वीदारच्या खोलीत उभं राहून, इथे भिंत पाडता येईल, असं म्हणत असेल.

खबर आणायचा एवर्ट. शेजारचा एवर्ट शहात्तर वर्षांचा, आणि गल्लीत कुठलंही घर दाखवत असले की चांगला कोट चढवून बघायला जायचा. पायात निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून गंभीर चेहऱ्याने खोल्या मोजायचा.

"सात जण आले होते," पहिल्या रविवारी तो म्हणाला. "त्यातले तीन आपल्याच गल्लीतले."

"आणि उरलेले चार?"

"एक बाई न्हाणीघरात गेली ती दहा मिनिटं बाहेरच आली नाही. घर आवडलं की नुसतीच नड होती, ते काही कळलं नाही."

"आणि तू काय केलंस?"

"मी तुझ्या तळघराला नावं ठेवली. इतकी वर्षं राहून गेली होती."

मेमध्ये बोली आली नाही. जुलैत तर कोणी घरं बघतच नाही, सगळे पाण्यावर. ऑगस्टमध्ये किंमत उतरवली. सप्टेंबरात घर दाखवायचा तिसरा रविवार झाला आणि मंगळवारी सकाळी शिरीनचा फोन आला. तिचा आवाज मुद्दाम सपाट ठेवलेला होता. बोली आली होती. एक नाही, दोन.

"पहिला बोलीवाला," शिरीन सांगू लागली, "म्हणजे उप्सालाचे..."

"नाव सांगू नकोस," मायलिस म्हणाली.

"तुला विचारायचा हक्क आहे."

"म्हणूनच नको. नाव कळलं की मला चेहरा दिसतो. चेहरा दिसला की मी कमी पैशात देऊन मोकळी होईन. तू मला फक्त एक नंबर, दोन नंबर असं सांग."

त्या दिवशी ती आणि एवर्ट जंगलात होती. लाल बेरी पिकल्या होत्या, दोघांच्या बादल्या अर्ध्या भरल्या होत्या, आणि शिरीनचे निरोप मायलिसच्या खिशात मधमाशीसारखे गुणगुणत होते. चष्मा एवर्टकडे होता म्हणून निरोप तोच वाचायचा.

"एक नंबर, वीस लाख क्रोनर."

"हं."

"दोन नंबर, वीस लाख पंचवीस हजार."

थोड्या बेरी बादलीत पडायच्या, मग पुन्हा फोन गुणगुणायचा. एक नंबर ढांगा टाकत होता. दोन नंबर दर वेळी अगदी थोडं चढायचा, वेळ संपता संपता चढायचा.

"तुझा हा दोन नंबर चिकट आहे बघ," एवर्ट म्हणाला. "बर्फावर चालल्यासारखा चालतोय. आधी पाय ठेवून बघतो, मग वजन टाकतो."

"पैसे कमी असतील बिचाऱ्याकडे."

"झालं. नाव नको म्हणालीस, तरी तुला चेहरा दिसायला लागला."

चार वाजता एक नंबरने तेवीस लाख लावले. त्यानंतर बराच वेळ फोन गप्प राहिला. मग निरोपाऐवजी शिरीनचाच फोन आला. दोन नंबर साडेएकवीसवर थांबला होता. त्याने माघार घेतली होती.

"विचित्र माणूस," शिरीन म्हणाली. "घर बघायला आलाच नव्हता. फोटो पुरे म्हणाला. आणि आता हरल्यावर मला काय विचारतोय, तर विकणाऱ्या बाईंचं सगळं नीट होईल ना."

"मग काय म्हणालीस?"

"तेवीस लाखांत होईल म्हणाले."

मायलिसने बादली उचलली. ती गाडीकडे चालू लागली. अनोळखी माणसाने आपली विचारपूस केली एवढ्यानेच आपण हळवं व्हावं, याचा तिला राग आला.

कराराचा दिवस शुक्रवारचा ठरला. उप्सालाचे पतीपत्नी दोघंही दातांचे डॉक्टर, निवृत्त झालेले. उन्हाळ्यापुरतं घर त्यांना हवं होतं. त्यांनी सकाळीच आपापल्या फोनवरून सह्या केल्या होत्या. मायलिसचा असल्या सहीवर भरवसा नव्हता. ती निळा कोट घालून, केस विंचरून, शिरीनच्या कचेरीत येऊन बसली.

"कॉफी?" शिरीनने विचारलं.

"नको, नको."

"थोडीशी?"

"नको गं, उगाच तुला त्रास."

"केलेलीच आहे. अर्धा कप घे."

"बरं, अर्धा. तू एवढं म्हणतेच आहेस तर."

शिरीनने कप काठोकाठ भरला आणि हसली. "माझी आई इथे आली ना, तेव्हा तिला वाटलं होतं, या थंड देशात आपलं कसं होणार. मग शेजारणीकडे गेली. शेजारीण म्हणाली, कॉफी घे. आई म्हणाली, नको. शेजारीण म्हणाली, घे. आई म्हणाली, नको. तिसऱ्यांदा म्हणाली, घे, तेव्हा आईने कप घेतला, आणि घरी येऊन बाबांना म्हणाली, ही तर आपलीच माणसं. आमच्या इस्फहानलाही पहिलं नको कुणी धरत नाही."

"पहिलं नको धरलं तर गावात कुणालाच कॉफी मिळायची नाही," मायलिस म्हणाली.

शिरीनने करारनामा टेबलावर ठेवला. घराचा नंबर, जमिनीची हद्द, धक्का धरून. त्याच्यावर तिने आणखी एक कागद ठेवला.

"आता मात्र नावं बघावी लागतील. बोलींची यादी. कुणी कधी किती लावली. कराराबरोबर ती द्यायचीच असा नियम आहे."

मायलिसने चष्मा लावला. पहिल्या ओळीत दातांचे डॉक्टर होते. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: वीदार सालोनेन. वीस लाख पंचवीस हजार.

लग्न केल्यावर वीदारने बायकोचं आडनाव घेतलं होतं. पियाचं आडनाव. रूने तेव्हा म्हणाला होता, छान आहे, आमचं तरी कुठे कुणाला नीट लिहिता येतं. मायलिसने ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याखालच्या ओळी. सात वेळा तेच नाव, प्रत्येक वेळी थोडं वर. आधी पाय ठेवून, मग वजन टाकून. शेवटी फोनचा नंबर होता. तो तिला वाचावा लागला नाही.

"काय झालं?" शिरीनने विचारलं.

"हा माझा मुलगा आहे."

शिरीनने यादी आपल्याकडे ओढून घेतली, वाचली आणि परत ठेवली. "तू मुलगा, मुलगा म्हणायचीस," ती हळूच म्हणाली. "नाव कधी घेतलंच नाहीस."

"मी सही केली नाही तर?"

"तुझी सही होईपर्यंत कोणीच बांधलेलं नाही. तूही नाहीस, तेही नाहीत." शिरीन थांबली. एजंट म्हणून जे बोलायचं ते तिने लपवलं नाही. "पण नीट ऐक. डॉक्टर पुन्हा येणार नाहीत. चांगली माणसं आहेत, त्यांना वाईट वाटेल. दीड लाख जातील. आणि तुझ्या मुलाला बँकेने कर्ज नाकारलं, किंवा त्याचंच मन फिरलं, तर डिसेंबरात तुझ्याकडे दोन घरं असतील आणि भाव आणखी खाली गेलेले असतील. मला हे सांगायला आवडत नाहीये."

"कळलं."

"मी जरा बाहेर थांबते," शिरीन म्हणाली आणि कोट न घालताच रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

मायलिसने फोन लावला. शुक्रवार होता, रविवार नव्हता. तिकडून पहिल्याच घंटीला आवाज आला.

"आई? काय झालं? पडलीस का?"

"नाही. शाळेत आहेस?"

"मधली सुट्टी आहे. काय झालं?"

"माझ्यापुढे एक कागद आहे. त्यावर तुझं नाव सात वेळा लिहिलंय."

तिकडे पोरांचा गलका होता. मग एक दार लागलं आणि गलका थांबला.

"तुला नावं कळणार नाहीत असं मला वाटलं होतं," वीदार म्हणाला.

"शेवटी कळतात. नियम आहे म्हणे."

"मला नियम माहीत नव्हता."

"नाताळात मी विचारलं होतं तुला. याच घराबद्दल. तू नको म्हणालास."

"हो."

"हसलास वर."

"आई, तू एकदाच विचारलंस." त्याचा आवाज लहान झाला होता. "कॉफीलासुद्धा तू तीनदा विचारतेस. मी नको म्हणालो आणि तू बरं म्हणालीस. मला वाटलं, नकोच म्हणायला हवं होतं मी. तुला विकायचंय, पूर्ण पैसे हवेत, माझी अडचण नकोय. मी मागितलं असतं तर तू स्वस्तात दिलं असतंस. म्हणून म्हटलं, लोकांसारखीच बोली लावावी. मिळालं तर मिळालं."

"आणि पिया? ती येणार होती इकडे?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पिया फेब्रुवारीतच वेगळं राहायला गेली, आई."

मायलिसने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फेब्रुवारीपासून दर रविवारी तू मजेत होतास."

"तूही होतीस."

बाहेर शिरीन दंड चोळत फुटपाथवर फेऱ्या मारत होती. समोरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. मायलिसच्या मनात आलं, एवढी वर्षं आपण कॉफीचे कप भरले, बनची ताटं पुढे सरकवली, घे रे घे म्हणून माणसांना बेजार केलं. आणि घरासारखं घर पुढे केलं तेव्हा एका नकोवर हात मागे घेतला. ओझं होईल त्याला, असं वाटलं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे गळ्यात मारणं, असं वाटलं.

"वीदार, तुला घर हवंय का?"

"नको आई. तू सही कर. साडेएकवीसच्या वर मला जमत नाही, विचारून बघितलं मी बँकेत. तुला त्या दोन खोल्यांचे पैसे भरायचेत."

"साडेएकवीसमध्ये ते भरून होतात. मी बसून बघितलंय. हवंय का तुला घर?"

"अगं, नोकरीसुद्धा... तिथल्या शाळेत जागा निघालीय, मी अर्ज केलाय, पण अजून नक्की नाही. आणि हिवाळ्यात तिथे एकटा मी. तू गावात, तुझ्या खोल्यांत. तुझं तुझं सगळं छान लागलंय. दर रविवारी सांगतेस की. उद्या मी तिथे येऊन बसलो तर रोज तुला वाटणार, पोराला जेवायला बोलवावं, पोराचं कसं होईल. तू मजेत आहेस, आई. मी कशाला त्यात येऊ?"

तो थांबला. करारनाम्यावर सहीची जागा पेन्सिलीने फुली मारून दाखवली होती. मायलिसने कागद उलटा करून ठेवला. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, कारण तिथे एकच शब्द तयार होता. तीन वर्षं रविवारी रविवारी वापरून तो इतका गुळगुळीत झाला होता, की आपोआपच बाहेर पडायचा. तिने तो गिळला.

"मजेत नाहीये मी," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून एक दिवस मजेत नाहीये. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि मी गाडी घेऊन किराणा दुकानामागे जाऊन बसते. घर दाखवायचं नसलं तरी बसते, कारण तिथे माणसांची ये-जा असते. मला करमत नाही रे. तू ये."